रांगेतली एक ताठ पाठ

माणसाने माजावं तरी किती, याला काही सुमार असतो. फुटबॉलचा सामना संपला, सगळा संघ नेहमीसारखा ढोल बडवणाऱ्या आपल्या चाहत्यांच्या बाकांसमोर गेला, रांग धरली, आणि ती अख्खी रांग कमरेतून वाकली. शिगेनो काताहिरा या मासळीवालीचा मुलगा नाओफुमी तेवढा उभा राहिला. हात मांड्यांना चिकटलेले, हनुवटी वर, नजर समोर. बघणाऱ्याला वाटावं, समोरची सगळी माणसं यालाच मुजरा करायला आली आहेत.

आणि दिवस कोणता निवडला, तर खेळातून निवृत्त होण्याचा. त्याचा शेवटचा सामना. शिओकाझे संघ त्या दिवशी हरला होता, हरून खालच्या गटात घसरला होता. बाकांवर म्हाताऱ्या बाया गळ्यातल्या संघाच्या रुमालांनी डोळे पुसत होत्या. ज्या दिवशी दोनदा वाकायचं, त्या दिवशी हा एकदाही वाकला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. ओळीने वाकलेल्या पाठी, आणि मधोमध एक ताठ. शिगेनोने तो पेपर मासळीची डोकी गुंडाळायला घेतला. पण गावात पेपर काही एकच येत नाही.

कात्सुहामा हे जपानातलं बंदराचं गाव. इथे नवरे होड्यांवर जातात आणि बायका मासळी चिरतात. शिगेनोचं दुकान सुक्या बांगड्यांचं. मासा पोटातून उघडायचा, मिठाच्या पाण्यात बुडवायचा, जाळीवर पसरायचा आणि हिवाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्यावर सोडून द्यायचा. हे तिला सासूने शिकवलं, शाळेने काही शिकवलं नाही. शाळेत ती गेली ती अक्षरं तोंडओळखीची होईपर्यंत. पण कोण कुणाला किती वाकतं, हे तिला लांबून दिसायचं, आणि माणूस ओळखायला तेवढं पुरतं असं तिचं मत होतं.

"अहो, फोनवर बोलतानासुद्धा माणूस वाकतो," ती गिऱ्हाइकांना सांगायची, म्हणजे कुणी विचारायच्या आतच सांगायची. "समोर भिंत असते तरी वाकतो. आमच्या साहेबांसमोर तर जिवंत माणसं होती."

लोकांनी आपल्या मुलाला नावं ठेवण्याआधी आपणच ठेवावीत, म्हणजे लोकांच्या तोंडात घालायला काही उरत नाही. ही तिची जुनी रीत. यावेळी ती चालली नाही. लोक ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, आणि बांगडे न घेताच पुढे जायचे.

खरं तर नाओफुमी कधीच फार मोठा खेळाडू नव्हता, आणि हेही त्याच्या आईइतकं स्पष्ट कुणी बोलत नसे. तो डाव्या बाजूचा बचावपटू. गोल मारणारे वेगळे, टाळ्या घेणारे वेगळे. याचं काम एवढंच, की आपल्या बाजूने कुणाला आत जाऊ द्यायचं नाही. दारात बांधलेला कुत्रा पगाराविना जे करतो, ते हा पगार घेऊन करतो, असं शिगेनो म्हणायची. लहानपणी मिठाच्या कोठाराच्या भिंतीवर चेंडू मारून मारून त्याने तिचा गिलावा पाडला. बाप होडीवरून आला की त्या भिंतीपाशी उकिडवा बसून बघत राहायचा, आणि मग दोघंही जेवायला उशिरा यायचे. पुढे शाळेच्या संघातून तो हिवाळ्यातल्या मोठ्या स्पर्धेला गेला, तिथे शिओकाझेवाल्यांनी त्याला उचलला. पहिले हंगाम बाक गरम करण्यात गेले. मग उत्तरेकडच्या एका बर्फाळ गावातल्या संघाला त्याला उसना दिला, जसं शेजारणीला भांडं द्यावं तसा. तिथून तो चिहारुशी लग्न करून तिला घेऊन आला. आणि परत आला तो असा आला की डावी बाजू त्याचीच झाली. एकदा देशाच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं, तर तिथे पायाचं बोट मोडून घेतलं आणि गुपचूप घरी आला. सगळ्या आयुष्यात गोल मारला तो एक, तोही गुडघ्याने, डोळे मिटून. त्या दिवशी ओइशी-साननी घरी लालभडक ताय मासा पाठवला होता, सणासुदीला देतात तसा, शेपटीसकट.

हे ओइशी-सान म्हणजे शिओकाझेच्या गावातल्या चाहता मंडळाचे प्रमुख. दोन होड्यांचे मालक, शिगेनोच्या मेलेल्या नवऱ्याचे दोस्त. परगावच्या सामन्यांना बस तेच काढायचे. पाऊस असो, संघ सलग हरत असो, बस निघायची. बायका संघाचे कापडी फलक समुद्राच्या वाऱ्यावर वाळवायच्या, त्यांच्या घड्या घालायच्या, पुन्हा उघडायच्या. त्यातल्या एका फलकावर नाओफुमीचं नाव होतं. बारा महिने तेरा काळ हे लोक त्याच्यासाठी ओरडले होते. त्या मोबदल्यात मागत काय होते, तर हंगामाच्या शेवटी एक वाकणं.

डिसेंबरात ओइशी-सान दुकानात आले. जाळीसमोर उभे राहिले.

"वहिनी, बांगडे झकास वाळलेत."

"घ्यायचेत की नुसते बघायचेत?"

"नाओ-कुन आहे का घरी?"

"आहे की. निवृत्त राजे आतल्या महालात आहेत."

ओइशी हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "शब्द मी फिरवत नाही, वहिनी. गावच्या मुलांचा संघ त्याच्या हाती द्यायचा, हे मीच बोललो होतो. आमचे म्हातारे गुरुजी थकलेत, आणि नाओ-कुनसारखा माणूस गावात राहिला तर सोनंच आहे. पण लोक मला विचारतात. ज्याने आम्हाला साधी मान लववली नाही तो आमच्या पोरांना काय शिकवणार? काय सांगू मी त्यांना?"

"मला काय विचारता? मी शिकवलं होतं. उतरलं नाही."

"वर्षअखेरचं मंडळाचं जेवण आहे. त्याने यावं. सगळ्यांसमोर एकदा नीट वाकावं. मागचं सगळं तिथेच बुडालं. दुसऱ्या दिवसापासून मुलं त्याची."

"आणि नाही वाकला तर?"

"तर दुसरा माणूस बघावा लागेल," ओइशी म्हणाले, आणि जाता जाता एक बांगडा घेऊन गेले, म्हणजे नुसतेच आले होते असं व्हायला नको.

शिगेनोला त्यांचा भयंकर राग आला, कारण ते बरोबर बोलत होते. चुकीचं बोलणाऱ्याचा राग एका जेवणात उतरतो. बरोबर बोलणाऱ्याचा उतरत नाही. आणि 'दुसरा माणूस बघू' याचा अर्थ तिला पक्का ठाऊक होता. उत्तरेला चिहारुच्या बापाचा सिमेंटचा धंदा होता. जावयासाठी तिथे खुर्ची तयार होती, घर तयार होतं. मुलांचा संघ मिळाला तर नाओ इथे राहणार, या घरात, या दुकानाच्या मागच्या खोलीत. नाही मिळाला तर महिन्याभरात दोघंही बर्फात जाणार, आणि मग ती, तिची जाळी आणि नवऱ्याचा फोटो. तिला तो इथे हवा होता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, त्याला तर नाहीच. ज्याला आपण हवे आहोत हे कळतं तो चढून बसतो.

घरात आल्यापासून तो होताच चढून बसलेला. दारात जोडे काढायचा ते तसेच, तोंड घराकडे. वळून, वाकून, ते बाहेरच्या दिशेने फिरवून ठेवावेत हे शेंबड्या पोरालाही कळतं. रोज ते चिहारु फिरवायची. जोडेही कसले, तर टाचेला कापड नसलेले, नुसते पाय सरकवायचे. जमिनीवर बसणं नाही, दुकानातल्या उंच स्टुलावर बसून जेवायचा. मिठाच्या पाण्याची टोपली उचल म्हटलं तर "नंतर". सगळ्यात वाईट म्हणजे बापाच्या फोटोपुढे उदबत्ती लावायची तीसुद्धा उभ्याने. बाप त्या देव्हाऱ्यातून वर बघतोय आणि मुलगा झेंड्याच्या काठीसारखा उभा.

"बापापुढे तरी बस," ती म्हणाली.

"उभ्याने पोचत नाही का?"

"पोचतं. शिवीसुद्धा उभ्याने पोचते."

त्याने काडेपेटी जागेवर ठेवली. नाओ लहानपणापासून असाच. मारलं तरी बोलायचा नाही.

"ओइशी-सान येऊन गेले," ती म्हणाली.

"ऐकलं."

"ऐकलं ना. मग वाकशील?"

"बघू."

"काय बघू? कंबर काय भाड्याने आणायचीय? त्या लोकांनी तुझ्यासाठी घसे फोडले. तू ज्या गावचं मीठ खाल्लंस त्या गावाला तू पाठ दाखवली असतीस तर एक वेळ चाललं असतं. तू छाती दाखवलीस."

"आई, तुझी मासळी भिजून गेली असेल. बघ जा."

"माझी मासळी मला कळते. माझं पोर कळत नाही, तेवढंच दुःख."

मागून चिहारु म्हणाली, "आई, पुरे ना." चिहारु उत्तरेकडची, कमी बोलणारी. शिगेनोला ती आवडायची, पण ते तिने तिला कळू दिलं नव्हतं. त्याचंही कारण तेच.

जेवणाच्या आठवड्यात एका सकाळी ती हात पुसत आत आली तर नाओ देव्हाऱ्यापुढे उभा होता. उदबत्ती पेटवलेली. ती राखेत खोचताना त्याच्या हातून सुटली, खाली चटईवर पडली, आणि जळत राहिली. तो उदबत्तीकडे बघत राहिला. विहिरीत पडलेल्या बादलीकडे बघावं तसा. चटईतून धुराची रेघ निघाली. मग त्याने पाय पुढे केला, आणि बापाच्या नावाची उदबत्ती टाचेने विझवली.

शिगेनोच्या हातात ओलं फडकं होतं. तिने ते पिळलं नाही, काही नाही, तसंच त्याच्या पाठीत मारलं. माश्यांच्या खवल्यांनी जड झालेलं फडकं. फार लागावं असं काही नव्हतं त्यात. नाओफुमी खाली गेला. आधी गुडघे गेले, मग त्याने खांबाला मिठी मारली, मग खांबही सुटला. तो कुशीवर पडला आणि त्याच्या तोंडातून आवाज आला नाही, ओठ तेवढे पांढरे झाले.

चिहारु धावत आली. तिने त्याचे गुडघे मुडपले, पाठीमागे उशी सरकवली, सगळं इतक्या सवयीने की शिगेनोला कळलं, हे आज पहिल्यांदा होत नाही.

"काय झालंय याला?"

"काही नाही," नाओ जमिनीवरून म्हणाला. "चिहारु, बोलू नकोस."

"मी दोन हंगाम बोलले नाही," चिहारु म्हणाली. "आता बोलते. आई, त्यांच्या कमरेच्या मणक्यांमधली चकती सरकलीय. नस दाबली जाते. सरळ उभं राहिलं की चालतं, इंजेक्शन घेतलं की पळताही येतं. पुढे वाकलं की पायातला जीव जातो. शेवटच्या दिवशी इंजेक्शन उतरलं होतं. वाकले असते तर तिथेच, सगळ्यांसमोर, तोंडावर पडले असते."

शिगेनो त्याच्याजवळ बसली. मग ताठ झाली. "आणि संघाच्या डॉक्टरांना दिसलं नाही?"

"त्यांना कळूच दिलं नाही," नाओ म्हणाला. तो छताकडे बघून बोलत होता. "दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे जायचो. बूट आधीच बांधून ठेवलेले असायचे, बूट चढवायच्या पट्टीने टाच आत सरकवायची. सराव चुकवायला कधी सर्दी, कधी पोट. सांगितलं असतं तर करार तिथेच संपला असता. मला अजून एक हंगाम पाहिजे होता."

"कशाला पाहिजे होता?"

"दुसरं काही येत नाही मला."

बाहेर वाऱ्याने जाळ्या खडखडत होत्या. नाओ पुढे बोलला, कुणी विचारलं नव्हतं तरी. "शेवटचा गोल माझ्या बाजूने गेला, आई. समोरचा पोरगा आत वळला. मला वळता आलं नाही. नुसता बघत राहिलो. बाकावर सावादा बसला होता. कोवळा, धडधाकट. माझ्या जागी तो असता तर त्याने अडवला असता. संघ खाली गेला तो माझ्या खोटेपणाने गेला, आणि ते मला एकट्याला माहीत आहे. लोक मला माजोरडा म्हणतात. म्हणू दे. माजोरड्याला लोक विसरतात. हे नाही विसरणार."

शिगेनोला त्याच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. तो हात तिने फडकं उचलायला वापरला.

"आता जेवणाच्या दिवशी काय करणार?"

"इंजेक्शन घेऊन येईन. हळू, थोडासा वाकेन. जमेल तेवढं. लोकांचं समाधान होईल, ओइशी-सान मुलं देतील, आम्ही इथेच राहू. मुलांना शिकवायला वाकावं लागत नाही, शिट्टी वाजवता आली की झालं. पण हे बाहेर जाता कामा नये. तू कबूल कर."

तिने कबूल केलं नाही. "मासळी उलटायचीय," असं म्हणून ती उठली. पण ती गप्प राहिली. ज्या बाईच्या जिभेला आयुष्यात कधी सुट्टी नव्हती ती बाई जेवणाच्या दिवसापर्यंत गप्प राहिली. गिऱ्हाइकांपुढे मुलाला नावं ठेवणंही तिने बंद केलं. शेजारणींना वाटलं, म्हातारीला सर्दी झाली. ती गप्प राहिली कारण त्याने 'आम्ही इथेच राहू' म्हटलं होतं. ते वाक्य तिने रात्रंदिवस तोंडात खारकेसारखं घोळवलं.

जेवण मच्छीमार संघाच्या वरच्या दालनात होतं, भर दुपारी. चटया, बुटकी मेजं, कोपऱ्यात काळ्या रश्शाचं ओदेन उकळत असलेलं, मुळा, अंडी, माशांचे वडे काठीला टोचून. तांदळाची गरम दारू, साके, फिरत होती. पुरुष आत, वाढणाऱ्या बायका दाराशी. शिगेनो मोठा पळा घेऊन पातेल्यापाशी उभी होती, शेजारी चिहारु.

"इंजेक्शन?" शिगेनोने ओठ न हलवता विचारलं.

"डॉक्टरांचा दवाखाना बंद. वर्षअखेर," चिहारु तशीच म्हणाली. "मागचं थोडंफार अंगात आहे, त्यावरच चाललंय."

"अन् ते तू आत्ता सांगतेस?"

"सकाळी सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना येऊ दिलं नसतं."

ओइशी-सान उठले. दोन शब्द म्हणून बरेच बोलले. होड्या, हंगाम, खाली पडलेला संघ, पुन्हा वर येईल वगैरे. मग म्हणाले, "आता नाओ-कुनला काही सांगायचंय." सगळ्यांनी पेले खाली ठेवले.

नाओफुमी दालनाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. काळा कोट, पांढरा सदरा. कुणीतरी मागून पुटपुटलं, "बघू या वेळी तरी." नाओने हात मांड्यांवर ठेवले. मान खाली गेली. खांदे पुढे आले. पाठ थोडी कलली, एक पेला ठेवला तर सांडणार नाही इतकीच, आणि तिथे थांबली असती तर काम झालं असतं. पण तेवढ्यात कोपऱ्यातून कुणी म्हातारा खाकरला, 'एवढंच का' असा. नाओ आणखी वाकला.

आणि खाली गेला. गुडघे चटईवर आपटले, मग दोन्ही तळहात, मग कपाळ. तसाच राहिला.

वाकणं सगळेच वाकतात, पण जमिनीवर कपाळ टेकून माफी मागणं, ते कात्सुहामात कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं. त्याच्या बापाच्या वयाच्या लोकांनी एकदा पाहिलं होतं, एका होडीमालकाला, बुडालेल्या खलाशांच्या बायकांपुढे. फलक धुणारी म्हातारी ताकेनो तोंडावर पदरासारखं फडकं धरून हुंदके द्यायला लागली. खाकरलेला म्हातारा मान खाली घालून बसला.

"पुरे, नाओ-कुन," ओइशी-सान म्हणाले. "एवढं नको. मान वर कर."

नाओने मान वर केली नाही.

"अरे वर कर. झालं. सगळं झालं."

तो हलला नाही. आणि सांगूनही जो मान वर करत नाही त्याची माफी खरी, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. जितका वेळ तो पडून राहिला तितकी माणसं विरघळत गेली. एकाने त्याच्यासमोर स्वतःच गुडघे टेकले. दुसरा म्हणाला, "आम्हीच फार बोललो पोराला." ओइशी-सान नाक ओढत होते. "हे बघा," ते म्हणाले, "आता कुणाचं काही म्हणणं नसेल. मुलांचा संघ नाओ-कुनचाच." टाळ्या पडल्या. कुणी साकेचा पेला त्याच्या डोक्यापाशी नेऊन ठेवला.

दाराशी चिहारुने शिगेनोची बाही पकडली. "आई. थांबा. मिळालंय सगळं. कोट सारखा करायला म्हणून मी जाते, हळूच उठवते त्यांना."

मिळालं होतं. शिगेनोला त्या जागेवरून नाओचे पाय दिसत होते. मोज्यातली बोटं आडवी पडलेली, मेलेल्या माशाच्या शेपटीसारखी. मागची खोली, उंच स्टूल, दारातले वाकडे जोडे, सगळं आता राहणार होतं. तिने फक्त पळा पातेल्यात घालून ओदेन वाढत राहायचं होतं. माणसं रडत होती. आयुष्यभर नावं ठेवलेल्या मुलाचं सगळं गाव कौतुक करत होतं, आणि त्यातली एकही गोष्ट खरी नव्हती. ताकेनो म्हातारी, जिने त्या संघासाठी हाताची साल काढली, ती एका माणसाच्या कोसळण्याला नमस्कार समजून ऊर बडवत होती, आणि तो कोसळलेला माणूस तिला बडवू देत होता.

तिने पळा चिहारुच्या हातात दिला. मेजांमधून, एप्रनसकट, ती मधोमध आली आणि मुलाजवळ गुडघ्यांवर बसली. त्याचं तोंड चटईकडे होतं.

"आई," तो चटईत म्हणाला, "पाय हलत नाहीत. थोडा वेळ. उठेन. काही बोलू नकोस."

"पाय ऐकतायत का उठायला?"

"बोलू नकोस. चांगलं चाललंय."

"वहिनी," ओइशी-सान म्हणाले, "राहू द्या त्याला. आज त्याने फार मोठं केलं."

"त्याने काही केलं नाही, ओइशी-सान." तिचा आवाज दुकानातलाच होता, वाऱ्यावरून पलीकडच्या गल्लीत जाणारा. "तो वाकलेला नाही. पडलाय. कमरेचं हाड गेलंय त्याचं, दोन हंगाम झाले. बाकीचं त्यालाच विचारा."

टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले. दाराशी चिहारुने डोळे मिटून घेतले. शिगेनोने मुलाच्या काखेत हात घातला आणि त्याला कुशीवर वळवला, जसा जाळीवरचा मासा वळवतात. त्याचं तोंड आता सगळ्यांना दिसत होतं, आणि तो आईकडे असा बघत होता की दुसरी एखादी बाई असती तर गप्प बसली असती.

"महिनाभर मी तुला माजोरडा म्हणत होते," ती त्याला म्हणाली, हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तो शब्द मी परत घेते. माजायला छाती लागते, ती तुझ्यात नाही. तू भित्रा आहेस, नाओ. जागा जाईल म्हणून भ्यालास, त्या सावादाच्या पोराला बाकावर बसवून ठेवलंस, आणि आज पडलास तर पडलो म्हणायलासुद्धा भ्यालास. हे लोक तुला ठेवतील की हाकलतील मला माहीत नाही. हाकललं तर जा सिमेंट विकायला, मी रडणार नाही, आणि रडले तरी तुला कळणार नाही. पण या म्हाताऱ्यांचं रडणं फुकटात घेऊन तू माझ्या घरात राहायचं नाहीस. कंबर मोडलीय तुझी, तोंड धड आहे. पडल्या पडल्या बोल."